फारकत कशाची

फारकतीचा कागद आमच्या घरात दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्याला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा. पिशवीत वीजबिलं, गॅसचं पुस्तक आणि तो. माय तो पेटीत ठेवत नव्हती, कारण तो सारखा लागायचा. कोणी दार वाजवून "नाना आहेत का?" असं विचारलं की ती पिशवीत हात घालायची आणि कागद त्या माणसाच्या तोंडासमोर धरायची.

"वाची ले. त्यासनं मन्हं आते काहीच नही."

बहुतेक लोक वाचायचे आणि जायचे. काही शिव्या देत जायचे, पण जायचे.

हे सगळं मला नीट क्रमाने सांगता येईल की नाही, शंका आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कोर्टाचं कुठलंही पत्र आलं की ते माझ्याच हातात यायचं, आणि मला त्यातलं अर्धंच कळायचं. उरलेलं मी आमच्या वकीलबाईंना विचारून, कधी अंदाजाने, मायला समजावून सांगायचे. इथेही तसंच काहीसं होईल.

नाना म्हणजे मायचे दुसरे नवरे. माझे वडील मी लहान असताना वारले. आम्ही तेव्हा भडगावजवळच्या खेड्यात होतो. नंतर मायचा नानांशी गंधर्व लागला. विधवेचं किंवा सोडलेल्या बाईचं दुसऱ्यांदा लग्न लावतात, त्याला आमच्याकडे गंधर्व म्हणतात. त्यात बँड नसतो, मांडव नसतो. संध्याकाळी चार माणसं बसली, नारळ फुटला, मायला कुंकू लावलं आणि आम्ही दोघी जळगावला आलो.

नानांची पहिली बायको दोन मुलांना घेऊन धुळ्याला माहेरी राहत होती. तिची फारकत झाली होती, म्हणजे पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर लिहून झालं होतं. कोर्टात कोणी गेलं नव्हतं. कोर्टात जावं लागतं, असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नसेल. माय तिला नुसतं "धुळेवाली" म्हणायची, तेही क्वचित.

नानांचा केळीचा व्यापार होता. फैजपूरकडच्या शेतकऱ्यांची केळी कापून घ्यायची, ट्रकमध्ये भरून उत्तरेला पाठवायची, तिकडून पैसे आले की इकडे द्यायचे. माय डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. मिलच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर विकायला निघालं, तेव्हा मायने माझ्या वडिलांच्या वेळची सोन्याची पोत आणि पाटल्या सराफाकडे मोडल्या. ते पैसे आणि नानांचे पैसे मिळून घर झालं. खरेदीखतावर दोघांची नावं लागली.

मायला तेव्हा सहीच तेवढी येत होती, तीही जुन्या नावाची. मतदान कार्डावर तिच्या नावापुढे नानांचं नाव आलं होतं, आता तशी सही करायची होती. माझ्या दुरेघी वहीच्या मागच्या पानांवर ती आठवडाभर सही गिरवत बसली. नानांच्या नावातलं एक जोडाक्षर तिला जमेना. नाना खाटेवरून म्हणायचे, "मन्हं नाव एवढं अवघड शे का वो?" आणि ती म्हणायची, "नावच काय, बठ्ठाच मानूस अवघड शे." माझ्या नावात मात्र वडिलांचंच नाव राहिलं. नाना त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. ते वाईट माणूस होते असं मला आजही लिहिता येत नाही. चप्पल फाटली की माझी आधी शिवून आणायचे.

मग व्यापार बसला. एका मोठ्या व्यापाऱ्याने तिकडे पैसे बुडवले, असं नाना सांगायचे. खरं काय ते मला माहीत नाही. बाजारात लोक म्हणू लागले की नानांनी हात वर केले. एका सकाळी ते धुळ्याला मुलांकडे जाऊन येतो म्हणून गेले. दोन-तीन वेळा येऊन कपडे नेले आणि मग येणंच बंद झालं. फोनवर म्हणाले, "इथं पोरं शेतस, जरा आधार शे." त्या आधारात पहिली बायकोही आहे का, हे मायने विचारलं नाही.

लोक मात्र आमच्या दारात येऊ लागले. त्यात व्याजाने पैसे देणारे होते, तसे शेतकरीही होते. फैजपूरकडचे एक आबा यायचे, स्वच्छ पांढरी टोपी घातलेले. ते कधी ओरडले नाहीत. ओट्यावर बसून राहायचे, आणि मला त्यांचीच सगळ्यांत जास्त भीती वाटायची. मायने चहा विचारला तर म्हणाले, "चहा नको बाई. पिला तर कोणाच्या केळीचा पिला, ते मला इचारावं लागेल."

शेजारच्या अक्का हे रोज बघत होत्या. त्यांनीच मायला सुचवलं.

"जवलोंग तू त्यानी बायको शे, तवलोंग त्या तुन्हाच दारशी येतीन. फारकत लिखी ले. कागद दाखाडा का मोकळी."

मायला पटलं. मलाही पटलं असतं. चार माणसांत जे जोडलं ते चार माणसांत तोडायचं, यात कोणालाच काही वावगं दिसलं नाही. नाना एका दिवसासाठी आले. मी परीक्षेला गेले होते. कोर्टाच्या गेटबाहेर टायपिंगवाला असतो, त्याच्याकडे फारकतीचा मजकूर तयारच होता, फक्त नावं बदलायची. माय नंतर सांगत होती की तिने विचारलं, "बठ्ठं लिखेल शे ना?" आणि तो म्हणाला, "सगळं आहे मावशी, एक ओळ कमी नाही." मायने ती गिरवून शिकलेली सही केली. जोडाक्षर बरोबर आलं होतं.

त्या तयार मजकुरात एक वाक्य होतं. राहते घर पतीच्या पैशातून घेतलेले असून माझे नाव केवळ पत्नी म्हणून लावले आहे, माझा त्यावर कोणताही हक्क नाही. ते कुठल्या तरी दुसऱ्याच नवरा-बायकोचं वाक्य होतं. टायपिंगवाल्याने ते काढलं नाही, आणि काढायला हवं हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर काही महिने शांततेत गेले. आबा आले, मायने कागद दाखवला. त्यांनी तो मुलाला वाचायला सांगितला. मुलगा मोटारसायकलवर तंगडी टाकून बसला होता. तो उतरला, कागद वाचला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला. "घरी दाखवायला," म्हणाला. आबांनी मायला हात जोडले. "तुमची काही चूक नाही बाई," म्हणाले, आणि पुन्हा आले नाहीत.

मग धुळ्याच्या कोर्टाचं पत्र आलं. नानांनी नादारीचा अर्ज केला होता. नादारी हा शब्द मी आमच्या शाळेतल्या एका जुन्या सरांकडून ऐकला होता, ते फी-माफीला नादारी म्हणायचे. मला वाटलं नानांना कसली तरी माफी मिळणार. वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. मी देणी देऊ शकत नाही, माझं जे काही आहे ते विकून सगळ्यांना वाटा आणि मला सोडवा, असा तो अर्ज. वाटायला कोर्टाने एक रिसीव्हर नेमला होता. आणि नानांचं "जे काही" होतं, त्यात आमचं घर होतं. पूर्ण घर. देणेकऱ्यांच्या वकिलाने मोबाइलवरचा तो फोटो छापून जोडला होता.

वकीलबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होतं. त्या बोलताना सारख्या घड्याळाकडे बघायच्या, पण समजावून सांगायच्या.

"घर दोघांच्या नावावर आहे ना? मग निम्मं माझ्या बाईचं, तेवढं सोडा, असं मी म्हणणार. ते म्हणणार, बाईनेच लिहून दिलंय की नाव फक्त बायको म्हणून लावलं. सोनं दिल्याची पावती आहे?"

"पावती कोन ठेवस?" माय म्हणाली.

"बरं. आता लग्न. त्यांचा पहिल्या बायकोशी कोर्टातून घटस्फोट झाला नाही. म्हणजे कायद्याने तुमचं लग्न लग्न नाही."

मी विचारलं, "मग फारकत पण नाही ना, मॅडम?"

"तेच तर आपलं बोलणं आहे." पहिल्यांदाच त्यांनी घड्याळ सोडून माझ्याकडे बघितलं. "लग्न नाही तर फारकत नाही. तो टायपिंगवाल्याचा छापील कागद, त्याला अर्थ नाही. बाई बायको म्हणून खरेदीखतावर आलीच नाही, तिने सोनं घातलं म्हणून आली. पण त्यासाठी बाईंना शपथेवर सांगावं लागेल की मी यांची बायको नव्हते. आणि नानांनी सांगायला पाहिजे की सोनं तिचं होतं. ते सांगतील?"

मी वकीलबाईंसमोरच नानांना फोन लावला. ते बराच वेळ खोकले आणि म्हणाले, "सोन्याचं मी सांगेन. ते खरं शे, ते मी सांगेनच." मला त्या क्षणी रडू आलं. घर वाचलं असं वाटलं.

मायकडून ते वाक्य पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी ती घरी आणलेली डाळ सुपात निवडत बसायची, मी समोर बसून वकील व्हायचे.

"ते तुमचे कोण?"

"कोणी नाही."

"तुम्ही त्यांच्या पत्नी होता का?"

पहिल्या वेळी माय हसलीच. "आसं कसं सांगू वो? त्यासना चष्मा आजून खिडकीमा शे."

"माय, चष्म्याचं कोणी विचारणार नाही. तू फक्त नाही म्हण."

"मी यांची पत्नी नव्हते," ती म्हणाली. शाळेतल्या मुलीसारखं, एका सुरात. मग डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "आनि गंधर्वले तुन्हा मामा व्हता, नारळ त्यानीच फोडं. त्याले काय सांगू? नारळ कसाना फोडा म्हनीसन?"

मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. हळूहळू तिला ते वाक्य येऊ लागलं. शेवटी शेवटी तर मी प्रश्न विचारायच्या आत ती म्हणून टाकायची, आणि मला ते ऐकवेनासं झालं.

तारखेच्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीने धुळ्याला गेलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मायने पदर सोडून पुन्हा नीट घेतला. एवढंच. बाकी ती खिडकीबाहेर बघत होती.

नाना कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होते. वाळले होते. शर्टाला कडक इस्त्री होती. आमच्याकडे असताना ते इस्त्री करू द्यायचे नाहीत, उकडतं म्हणायचे. त्यांनी मला "पेपर कसे गेले?" असं विचारलं. मी "बरे गेले" म्हटलं. त्यांच्या मागे दोन मोठी मुलं होती आणि बाकावर एक बाई बसली होती, पिशवी मांडीवर धरून. मला वाटलं होतं धुळेवाली उंच, करारी अशी असेल. ती मायसारखीच होती. पायात तशीच चप्पल.

पुकारा झाला. मायचं नाव नानांच्या नावासकट घेतलं गेलं. ते ऐकून ती बाकावरची बाई आणि माय दोघींनी एकदमच मान वर केली.

मायने चांगलं सांगितलं. सोन्याचं सांगितलं, डाळमिलचं सांगितलं. वकीलबाईंनी विचारल्यावर ते वाक्यही सांगितलं, न अडखळता. मग समोरचे वकील उठले. ते वयस्कर होते, आवाज अगदी मऊ.

"बाई, तुम्ही यांची बायको नव्हता?"

"नव्हते."

"कधीच?"

"नव्हते."

"मग फारकत कशाची घेतली?"

हे आम्ही पाठ केलं नव्हतं. मायने माझ्याकडे बघितलं. मी तिसऱ्या बाकावर होते, मला काही करता येत नव्हतं. "लोकं दारशी येत," ती म्हणाली. "म्हनीसन घिदी." कोणीतरी मागे हसलं. वकिलांनी मान डोलावली, जणू त्यांना पटलं, आणि ते बसले.

नंतर नाना उभे राहिले. वकीलबाईंनी आधी सोन्याचंच विचारलं. नाना म्हणाले, "हो, दिलं असेल काहीतरी." दिलं असेल. मी वकीलबाईंच्या मानेकडे बघत होते, ती ताठ झाली. पुन्हा तेच वयस्कर वकील उठले.

"या बाई म्हणतात त्या तुमच्या पत्नी नव्हत्या. बरोबर आहे?"

नानांनी मागे बघितलं. मुलं बसली होती, ती बाई बसली होती.

"बरोबर."

"मग तुमच्या घरात इतकी वर्षं त्या कोण म्हणून राहत होत्या?"

नानांनी शर्टाची कॉलर बोटाने सैल केली. न्यायाधीशांनी "बोला" म्हटलं.

"घरकामाला होत्या," नाना म्हणाले. "स्वयंपाक वगैरे."

"स्वयंपाकाच्या बाईने तुम्हाला घर घ्यायला सोनं दिलं?"

"आता नक्की आठवत नाही साहेब."

माय खाली बघत होती. मला वाटलं ती ओरडेल. आमच्या वस्तीत ती नळावर भांडली की पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. पण तिला काही बोलायला जागाच राहिली नव्हती. बायको नव्हते असं तीच सांगून बसली होती. नानांनी फक्त रिकाम्या जागी दुसरा शब्द घातला.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या की बघू, निकालात काय येतं ते. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं, आशा कमी आहे. त्या पुढच्या गाडीसाठी घाईने गेल्या. आम्ही पायऱ्यांवर बसलो. थोड्या वेळाने ती बाई आमच्याकडे आली. मुलं पार्किंगकडे गेली होती. ती मायच्या शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"तुन्हं सोनं व्हतं," ती म्हणाली. "माले माहीत शे. तवय ह्या पोरासले भेटाले आठे उनात तं सांगेत, तिनीच पाटल्या मोडात म्हनीसन."

मायने मान वळवली नाही. "मंग आत काब्रं नही सांगं?"

"माले कोनी इचारं का?"

मुलाने लांबून हाक मारली. ती उठली, पदर झटकला. जाताना म्हणाली, "मन्हा कागदवर बी आसंच लिखेल व्हतं. हक्क नही म्हनीसन." आणि गेली.

परतीच्या गाडीत जागा नव्हती. पारोळ्यापर्यंत उभं राहावं लागलं. बसायला मिळालं तेव्हा माय म्हणाली, "त्यासनी खोटं सांगं." मी हो म्हटलं. बराच वेळ गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "मीबी खोटंच सांगं. पहिले मी सांगं." मी तिला समजावायला लागले की ते कायद्यासाठी होतं, कायद्याने ते खरंच होतं. तिने ऐकून घेतलं. तिकीट घडी करून करून इतकं बारीक केलं की शेवटी ते तिच्या बोटांतून पडलं.

निकाल आमच्या बाजूने लागला नाही. घर पूर्ण नानांचं धरलं. सोनं दिलं असं बाईचं म्हणणं असेल तर इतर देणेकऱ्यांसारखा तिनेही रिसीव्हरकडे दावा नोंदवावा, असं त्यात होतं. म्हणजे फैजपूरच्या आबांच्या रांगेत मायही. पुढे अपील करता येईल, पण त्याचा खर्च आहे आणि सोन्याचा पुरावा तिथेही लागेल, असं वकीलबाई म्हणाल्या. मी मायला सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आबासले कितलं भेटी?" मी म्हटलं, माहीत नाही. "त्यासनी केळी तं खरी व्हती," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात रिसीव्हरचा माणूस घर मोजायला आला. माझ्याच वयाचा असेल, घामाने भिजलेला. टेपचं एक टोक मी धरलं. त्याने दोन्ही खोल्या मोजल्या, मोरी मोजली, ओटा मोजला. खिडकी मोजताना चष्मा उचलून बाजूला ठेवला आणि मोजून झाल्यावर परत होता तिथे ठेवला. मग ओट्यावर बसून तो लिहायला लागला. दारातून अक्का बघत होत्या, आणखी दोघी-तिघी जमल्या होत्या.

"ताब्यात कोण आहे? नाव सांगा."

मायने नाव सांगितलं. स्वतःचं, मग नानांचं, मग आडनाव. सगळं.

"मालकाशी नातं?"

"बायको," माय म्हणाली. अक्कांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्याने हातातल्या आदेशाची पानं उलटली. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "मावशी, यात तर तसं नाही. तुम्हीच कोर्टात..."

"तुन्हा कागदमा काय शे ते माले माहीत शे, भाऊ," माय म्हणाली. "तू इचारं, मी सांगं."

मी टेप गुंडाळत होते. मग त्याने खाली वाकून काहीतरी लिहिलं, पाणी मागितलं, पिऊन गेला. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. मायनेही विचारलं नाही. तिची मिलची वेळ झाली होती.